अ‍ॅनिमेशन
स्थिर चित्रे वा वस्तू एकेका चौकटीत टिपून, ती वेगाने दाखवून हालचालीचा भास निर्माण करण्याचे तंत्र. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी असतात. श्रम वाचवण्यासाठी पुष्कळदा एकच चित्र 2 चौकटींना वापरतात.

महाराष्ट्रात या तंत्राचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून होतो. कुंडीतील वाटाण्याची वाढ त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन टिपली. हे काटेकोर अर्थाने अ‍ॅनिमेशन नव्हे, पण चौकटीचे मर्म तेच. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ (1915) मध्ये काड्या हाताने सरकवत चित्रण केले. हा स्टॉप मोशन प्रकार. मातीच्या बाहुल्यांचे क्ले अ‍ॅनिमेशन आणि कागदी आकृत्यांचे कटआउट हे त्याचेच भाऊबंद. ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचा ‘जंबूकाका’ (1934) हा आरंभीचा भारतीय व्यंगचित्रपट.

सेल पद्धतीत पात्र पारदर्शक पटलावर रंगवून स्थिर पार्श्वभूमीवर ठेवतात, त्यामुळे दरवेळी देखावा काढावा लागत नाही. प्रमुख चित्रकार मुख्य मुद्रा काढतो, मधल्या मुद्रा साहाय्यक भरतात. संगणकीय त्रिमितीय पद्धतीत हे मधले काम बरेचसे यंत्र करते. मुद्रांची निवड मात्र कलावंताचीच. पूर्णतः संगणकावर घडलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘टॉय स्टोरी’ 1995 मध्ये आला.