तळातल्या संघासोबत नऊ सामने

२१ मार्च २०१५, शनिवार. लंडनचं व्हाइट हार्ट लेन. लेस्टर सिटीचा निळा मफलर गळ्यात अडकवून तुम्ही पाहुण्या समर्थकांच्या गर्दीत उभे आहात. टॉटनहॅमच्या हॅरी केनने तुमच्यावर तीन गोल चढवलेत आणि सामना ४-३ असा हातचा गेलाय. गुणतक्ता त्याहून वाईट आहे. २९ सामने, १९ गुण, विसावं म्हणजे शेवटचं स्थान. सुरक्षित जागा सात गुणांवर, आणि सामने उरलेत फक्त नऊ. शेवटचे तीन संघ प्रीमियर लीगमधून खाली जातात. मग टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू निघून जातात. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. पण या गर्दीत ते सांगितलंत तर कोणी ऐकूनही घेणार नाही.

याच संघाने सप्टेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडला ५-३ असं हरवलं होतं. त्यानंतर लीगच्या तेरा सामन्यांत एकही विजय नाही. फेब्रुवारीत व्यवस्थापक नायजेल पिअर्सन यांना काढल्याची बातमी एका रात्रीत पसरली, पण ते जागेवरच राहिले. एरवी अशा वेळी मालकांचा हात आधी व्यवस्थापकाच्या मानेवर पडतो. इथे तसं झालं नाही, आणि माझ्या मते त्या मोसमातला सर्वांत मोठा निर्णय हाच.

मधल्या आठवड्यात शहरात वेगळीच लगबग आहे. कार पार्कखाली सापडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या अस्थी २६ मार्चला लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुरल्या जातात. पुढे अनेक जण संघाचं नशीब याच राजाने पालटलं असं म्हणतील. म्हणोत बापडे. तुम्ही मात्र मैदानाकडे बघा.

४ एप्रिल, घरचं किंग पॉवर स्टेडियम, समोर वेस्ट हॅम. बॉलवरून नजर काढा आणि मागची रांग मोजा. चार नाही, तीन बचावपटू: वासिलेव्स्की, हूथ, मॉर्गन. तिघेही दांडगे, हवेतला बॉल सहसा न सोडणारे. रॉबर्ट हूथ फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्टोककडून उसना आलाय. मध्ये तिघांची भिंत असल्यामुळे कडेच्या दोघांना मागची काळजी कमी. उजवीकडून मार्क ऑलब्राइटन सारखा वर धावतोय आणि क्रॉस टाकतोय. हाच खेळाडू हिवाळ्यात बहुतेक वेळ बाकावर बसून होता. डावीकडे श्लुपचा वेग. मध्यभागी ३४ वर्षांचा एस्तेबान कॅम्बियासो, इंटर मिलानकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेला, घाई म्हणून कधी न करणारा. पुढे जेमी वार्डी, जो मोकळी जागा दिसली की धावतोच.

सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. हूथ सोडला तर ही माणसं शरद ऋतूपासून इथेच होती. पिअर्सन यांनी त्यांच्या जागा बदलल्या, आणि प्रत्येकाला जे उत्तम जमतं तेवढंच मागितलं. ढासळत्या संघाला नवं तत्त्वज्ञान शिकवायला एप्रिलमध्ये वेळ नसतो.

कॅम्बियासोचा पहिला गोल, मग वेस्ट हॅमची बरोबरी. ८६व्या मिनिटाला अँडी किंग बॉल जाळ्यात ढकलतो, २-१. तुम्ही कोणा अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलेले असता.

आठवड्याभराने वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर ८०व्या मिनिटापर्यंत १-२ अशी पिछाडी. हूथ डोक्याने बरोबरी साधतो. मग जादा वेळेत वार्डी जवळपास अर्ध्या मैदानातून बॉल घेऊन सुटतो. थांबून बघावा असा गोल आहे हा, नीट बघून घ्या. पुढे स्वॉन्सी, २-०. बर्नलीत तर प्रतिस्पर्ध्याची पेनल्टी खांबावर आदळते आणि मिनिटभरात वार्डी पलीकडे गोल करतो. सलग चार विजय. चेल्सीकडून १-३ हार होते, पण संघ विस्कटत नाही: न्यूकॅसल ३-०, साउदॅम्प्टन २-०.

१६ मे, संडरलँड. गोल नाही, ०-०, आणि तेवढा एक गुण पुरतो. लेस्टर वाचलं. शेवटच्या दिवशी क्वीन्स पार्क रेंजर्सवर ५-१. नऊ सामन्यांत सात विजय, एक बरोबरी, २२ गुण. एकूण ४१, स्थान चौदावं. त्याआधी नाताळात तळाला असूनही वाचलेले प्रीमियर लीग संघ दोनच होते.

३० जून २०१५ला क्लबने पिअर्सन यांना काढलं. क्लाउदिओ रानिएरी आले, आणि २०१६च्या मे महिन्यात, मोसमाआधी सट्टेबाजांनी ५००० ला १ असा भाव दिलेलं हेच लेस्टर इंग्लंडचं विजेतं झालं. मॉर्गन, हूथ, ऑलब्राइटन, वार्डी त्या संघात होते. रानिएरींचं कौतुक योग्यच आहे. पण त्या करंडकाचा पाया पिअर्सन यांनी एप्रिल-मे २०१५च्या नऊ सामन्यांत घातला, आणि विजेत्यांच्या यादीत नाव नसलं तरी अर्धं श्रेय त्यांचंच आहे.