हरवलेल्या पॅकेटांचा माग

मनोरा नाही, मध्यवर्ती राउटर नाही. प्रत्येक यंत्राने शेजाऱ्याचे पॅकेट पुढे ढकलायचे. अशी बिनतारी ॲड हॉक जाळी अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने १९७० च्या दशकात पॅकेट रेडिओ प्रकल्पात उभारली. मात्र पन्नासेक यंत्रे मैदानात फिरवून चाचणी घेणे भलतेच खर्चिक. म्हणून १९९० च्या दशकात डीएसडीव्ही, डीएसआर, एओडीव्ही हे मार्गशोधाचे प्रोटोकॉल आले, तेव्हा त्यांची परीक्षा बहुतांशी संगणकाच्या आतच झाली.

त्यासाठी सर्वाधिक वापरला गेला तो एनएस-२ हा सिम्युलेटर. त्याचे मूळ एस. केशव यांच्या १९८९ च्या ‘रिअल’मध्ये, बिनतारी भाग कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मोनार्क गटाने जोडला. याच गटाने १९९८ मध्ये ५० नोड (म्हणजे जाळ्यातली यंत्रे), १५०० बाय ३०० मीटरचे मैदान आणि ९०० सेकंद अशा मांडणीत चार प्रोटोकॉल ताडून पाहिले. पुढे हीच मांडणी अनेकांनी जशीच्या तशी उचलली.

पॅकेट गळाले की ट्रेस फाइलमध्ये ‘डी’ने सुरू होणारी ओळ उमटते: वेळ, नोडचा क्रमांक, थर आणि कारण. ‘एनआरटीई’ म्हणजे मार्गच नाही. ‘आयएफक्यू’ म्हणजे रांग भरली. ‘सीबीके’ म्हणजे पुढच्या नोडकडे पॅकेट पोचले नाही, अशी प्रत्यक्ष पाठवणी सांभाळणाऱ्या मॅक थराची तक्रार. शेवटचे कारण सर्वांत फसवे. नोड जागचा हललेला नसला, तरी नुसत्या टकरींमुळे पोच येत नाही. एओडीव्ही दुवा तुटला असे धरून चालतो, मार्गशोधाची नवी हाकाटी देतो आणि टकरी आणखी वाढतात.

कधी दोष भलतीकडेच निघे. मोनार्क गटाला आढळले, की पत्ता शोधणारा एआरपी थर एका ठिकाणासाठी एकच पॅकेट राखून ठेवतो. मार्ग सापडताच तुंबलेली पॅकेटे एकदम सोडली, तर शेवटचे वगळता सारी जात. उपाय साधा होता: पॅकेटे थोड्या अंतराने सोडणे.

२००३ मध्ये नोडच्या हालचालींचे ‘रँडम वेपॉइंट’ प्रारूपही संशयाच्या फेऱ्यात आले. किमान वेग शून्य ठेवला, तर मंद नोड वाटेतच रेंगाळतात आणि सरासरी वेग घसरत जातो. मग सुरुवातीला खिळखिळे वाटणारे जाळे उत्तरार्धात उगाच धडधाकट दिसू लागते. किमान वेग शून्याहून जास्त ठेवणे आणि सुरुवातीचा काळ हिशेबातून वगळणे हे तेव्हापासून शहाणपणाचे मानले जाते.

२००५ मध्ये ॲड हॉक जाळ्यांवरच्या मोबिहॉक परिषदेतील पाच-सहा वर्षांच्या निबंधांची झाडाझडती झाली. त्यांतले १५ टक्क्यांहूनही कमी इतरांना पुन्हा करून पाहता येतील असे होते. एनएस-२ च्या जागी आलेल्या एनएस-३ ची पहिली आवृत्ती २००८ मध्ये निघाली. साधन बदलले, तरी गळतीची कारणे न वेगळी करता छापलेली टक्केवारी आजही निरुपयोगीच ठरते.