अर्ध्या तासाची शिदोरी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती एका फडक्यात मावते. दोन भाकऱ्या, लसणाची चटणी, एक कांदा आणि जमल्यास गुळाचा खडा. गिरणीकामगाराची ही शिदोरी होय. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा पंडितांनी आमच्या मांडणीत उणे अवश्य काढावे. शिदोरीविषयी मात्र आम्ही थोड्या अधिकाराने बोलू शकतो, कारण आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साळखात्यात होते.

मुंबईची पहिली कापूसगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. कोकणातल्याच्या फडक्यात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी आणि सुका जवळा, तर घाटावरच्याच्या फडक्यात ज्वारी-बाजरीची भाकरी आणि ठेचा. ही निवड आवडीची कमी आणि हिशेबाची अधिक होती. भाकरी स्वस्त, दुपारपर्यंत टिकणारी, ताटवाटीवाचून खाता येणारी. शिवाय खिशात मूठभर चणे-कुरमुरे असत. भूक भागविण्याची कला आमच्या बापजाद्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

प्रश्न शिदोरीचा नव्हताच. ती सोडावयाची केव्हा, हा प्रश्न होता. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. दुपारची सुट्टी मिळालीच तर ती मालकाच्या मर्जीची, कायद्याची नव्हे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला, त्याने लहान मुलांना दिवसातून एक तास विश्रांती दिली. प्रौढांना काहीच दिले नाही. साचा चालू ठेवायचा आणि शेजाऱ्याला नजर ठेवायला सांगून घास गिळायचा, त्यावर कापसाची पिंजण पडायची, अशी ती जेवणे.

१८८४ च्या सप्टेंबरात परळ भागात नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे गेला. त्यातल्या मागण्या पाहा : रविवारची सुट्टी, वेळेवर पगार, जखमी झाल्यास मदत, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. तेथे दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्या वर्षी मालकांनी रविवार मान्य केला, आणि १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तासही पदरात पडला. म्हणजे एक भाकरी सुखाने खाण्यासाठी, पहिली गिरणी चालू झाल्यापासून पस्तीस वर्षे लागली!

पण अर्धा तास मिळाला म्हणून सर्वांची पंगत एक झाली, असे मात्र समजू नये. ज्या साळखात्यात आमचे वडील काम करीत, त्या खात्याचे दार एके काळी दलित कामगारांना बंद होते. धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाची सबब पुढे केली जाई. साळखात्याचा पगार बरा, हे त्यामागचे दुसरे कारण. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आम्ही संघटनेतील माणसे आपल्या चळवळीचे पोवाडे गातो, तेव्हा ही गोष्टही सांगितलीच पाहिजे.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने दीडशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात जेवणाची खोली आणि अडीचशेहून अधिक असतील तेथे उपाहारगृह बंधनकारक केले. घरदार गावी ठेवून आलेल्यांच्या पोटाची काळजी मात्र खानावळवाल्या बायांनी वाहिली. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. कामगारांच्या इतिहासात या चुलीला मानाचे पान मिळावयास हवे.

आता वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो जन्मला, असे सांगतात. पाव आणि बटाटा, दोन्ही शब्द पोर्तुगिजांचे. पण पदार्थ अस्सल मुंबईचा. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाची घडी विसकटली. त्यानंतर गल्लोगल्ली अशा गाड्या लागल्या. आमच्या चाळीतल्याही दोघांनी लावल्या. भाकरी बसून खावी लागते, वडापाव उभ्याने, एका हाताने खाता येतो. ज्याचा अर्धा तास गेला, त्याचे ते अन्न आहे. आम्ही ते आवडीने खातो, पण ही खूण विसरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कंत्राटी स्त्रिया आमच्याकडे आल्या. पगारवाढ मागतील असे आम्हांस वाटले. त्यांतील एक वडीलधारी बाई म्हणाली, “भाऊ, पगाराचं मागनं बघू. आधी डबा उघडायला जागा द्या. सायकलींच्या छपरात, उभ्यानं खातोय आम्ही.” त्या खोलीसाठी सात महिने लढावे लागले. आज दुसऱ्याचे गरम जेवण पाठीवर घेऊन दारोदार धावणारी पोरे आपण रोज पाहतो. त्यांचा स्वतःचा डबा कुठे उघडतो, हे आपण कधी विचारले आहे काय?

स्वस्त खाणे घरची माउली पहाटे उठून बांधून देते. ते खाण्याची वेळ आणि जागा मात्र कोणी बांधून देत नाही; ती एकजुटीने मिळवावी लागते, आणि राखली नाही तर जाते. या सभागृहात ज्यांचे आजे-पणजे गिरणीत होते, अशी पुष्कळ मंडळी असतील. त्यांनी घरी गेल्यावर आजोबांचा जुना पितळी डबा माळ्यावरून काढून पाहावा. त्याच्या झाकणाखाली १८८४ सालचा तो अर्ज आहे, असे समजावे.