घोड्यामागची माणसं : नालबंद, चाबुकस्वार आणि सईस

महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावं म्हणजे व्यवसायांचं उघडं दफ्तर आहे. आत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार, मणियार ही नावं ऐकली की कोण काय करत होतं ते लगेच कळतं. याच दफ्तरात नालबंद, चाबुकस्वार, पखाली, बारगीर अशीही काही पानं आहेत. ती सगळी घोड्याभोवती फिरतात. घोडा गेला आणि ही पानं वाचणारंही कुणी उरलं नाही. वर्गात हजेरी घेताना एखादा नालबंद किंवा चाबुकस्वार भेटतो. अर्थ विचारला तर बहुतेक मुलांना सांगता येत नाही. एकाला वाटत होतं, चाबुकस्वार म्हणजे घोड्याला चाबकानं मारणारा.

चाबुकस्वार म्हणजे मारणारा नव्हे. कोऱ्या, अडेल घोड्याला लगामाची, खोगिराची आणि माणसाच्या वजनाची सवय लावणारा शिक्षक, तो चाबुकस्वार. आमच्याच पेशातला म्हणायचा! हे आडनाव एका धर्माचंही नाही. २०१४ साली पिंपरी या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेलेले आमदार गौतम चाबुकस्वार होते. ज्याच्या हाताला हुन्नर, त्याच्या घराला ते नाव, असा हा मामला असावा.

आपल्याकडे घोड्याच्या चाकरीला इतकं महत्त्व का आलं, याचं उत्तर घोड्याच्या किमतीत आहे. दख्खनच्या सुलतानांना हवे असलेले उमदे घोडे अरबस्तान आणि इराणातून जहाजानं यायचे. चौल आणि दाभोळ या बंदरांत उतरायचे आणि घाट चढून जुन्नर, बीदरकडे जायचे. १४७०च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला पोहोचल्यावर तिथल्या खानानं तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. शेवटी खुरासानच्या एका ख्वाजा मुहम्मदनं रदबदली केली आणि निकितिनला त्याचा घोडाही मिळाला, धर्मही राहिला. एका मुसलमान अधिकाऱ्यानं केलेली जबरदस्ती दुसऱ्या मुसलमानानं मोडून काढली, हेही या गोष्टीत आहे. सांगताना लोक बहुधा पहिला अर्धा भागच सांगतात.

याच निकितिननं आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे. इथं घोड्यांना हरभरा घालतात, आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडीही. पावसाळ्याचे दिवस त्यानं जुन्नरला काढले. म्हणजे चाकणपासून जेमतेम एका दिवसाच्या घोडदौडीवर हा परदेशी माणूस घोड्याची खिचडी शिजताना पाहत होता. ती शिजवणाऱ्याचं नाव त्यानं लिहिलं नाही. कुणीच लिहिलं नाही.

मुघल दरबारात तर घोड्याच्या चाकरीचं पूर्ण खातंच होतं. अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त तबेल्यातल्या नोकरांची यादी आहे. दारोगा, मुश्रिफ म्हणजे हिशेबनीस, चाबुकस्वार, बैतार म्हणजे घोड्याचा हकीम, नालबंद, पाणी भरणारा आबकश, झाडूवाला खाकरोब, आणि दृष्ट लागू नये म्हणून धुरी देणारा सिपंदसोज़सुद्धा! दोन घोड्यांमागे एक सईस, असं प्रमाण ठरलेलं होतं. त्याच ग्रंथात दंडाचे नियमही आहेत. खास तबेल्यातला घोडा मेला तर दारोगा आणि त्याच्या हाताखालच्यांनी घोड्याच्या किमतीच्या प्रमाणात दंड भरायचा, आणि सईसाच्या महिन्याच्या पगारातून चौथा हिस्सा कापायचा. घोडा म्हातारपणानं मेला की दुर्लक्षानं, हा प्रश्न नंतरचा. कापला जाणारा पगार मात्र ठरलेला.

शिवाजी महाराजांच्या पागेची रचना कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. हा आकडा मला फार बोलका वाटतो. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा हे लष्कराच्या शेपटाला लोंबकळणारे लोक नव्हते, ते तुकडीच्या हिशेबातच धरलेले होते. पावसाळ्यात लष्कर छावणीला परतायचं तेव्हा दाणा, वैरण, औषधं आणि गवतानं शाकारलेली घरं आधीच तयार ठेवलेली असत.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना १६७०च्या दशकात लिहिलेलं महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आदेशासाठी आपण ते आठवतो. पण ते मुळात पागेला लिहिलेलं पत्र आहे, आणि त्यातली मोठी काळजी घोड्यांची आहे. साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. चुली, चिलमी आणि दिवे सांभाळा. उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि एक घोडं वाचणार नाही. राज्य चालवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो. घोड्याची निगा म्हणजे काय, हे याहून नेमकं क्वचितच कुणी सांगितलं असेल.

घोड्याच्या या चाकरीनं भाषेतही घर केलं. मराठीत घोड्याची देखभाल करणारा तो मोतद्दार, उर्दूत सईस. खरारा, चंदी, तोबरा, आगाडी-पिछाडी, झूल, खोगीर, लगाम हे शब्द दोन्हीकडे कमीअधिक सारखेच चालतात. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्या शिलेदाराला पेशवाईत आगाऊ रक्कम मिळायची, तिचं नाव ‘नालबंदी’. नाल ठोकायचा खर्च म्हणून सुरू झालेला शब्द उचल या अर्थानं रुळला. सगळ्यात सुंदर प्रवास ‘साळोत्री’चा. शालिहोत्र ऋषींच्या नावावरचं संस्कृत अश्वशास्त्र फारसीत गेलं, आणि घोड्याच्या वैद्याला उर्दूत सलोत्री आणि मराठीत साळोत्री म्हणू लागले. ऋषीचं नाव तबेल्यातल्या मुसलमान वैद्याचा हुद्दा झालं! रेख्तीसाठी ओळखला जाणारा उर्दू शायर सआदत यार खान ‘रंगीन’ यानंही अठराव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांवर ‘फरसनामा’ लिहिला. फिलॉटनं १९११ साली त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं.

मग साहेबाचं राज्य आलं. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली आणि १८८६ साली परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय. हे चांगलंच झालं. मात्र त्याबरोबर एक फाळणीही झाली. घोड्याचं ज्ञान दोन ठिकाणी वाटलं गेलं. एक कागदावरचं, ज्याला पदवी आणि पगार मिळाला. दुसरं हातातलं, उस्तादाकडून शागिर्दाकडे गेलेलं, ज्याला ना प्रमाणपत्र ना पेन्शन. डॉक्टर बोलावल्यावर येतो. रात्रभर ठाणावर असतो तो सईस. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की तासातासाचा हिशेब असतो. चंदी तोबऱ्यात तशीच राहिली, घोडा वळून स्वतःच्या कुशीकडे पाहतोय, सारखा आडवा पडतोय, हे सर्वांत आधी ज्याला दिसतं त्याच्यावर घोड्याचा जीव अवलंबून असतो. धावून घामाघूम झालेल्या घोड्यापुढे लगेच दाणा ठेवायचा नाही, रोज चारही खूर साफ करून पाहायचे, महिना-दीड महिन्यानं नाल बदलायची, हे तो शाळेत शिकलेला नसतो. तरीही ते शिक्षणच असतं.

कुणी म्हणेल, चाकणच्या पट्ट्यात आता घोडे राहिलेत कुठं? इथं तर इंजिनांची अश्वशक्ती मोजतात. पण घोडे आहेत. पिंपरीत हाफकिनचा विभाग आहे. तिथं घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाचं विष अगदी थोड्या मात्रेत टोचून वाढवत नेतात, आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरची लस तयार होते. खेड, मावळ, जुन्नरमध्ये भातलावणी करताना साप चावलेला शेतकरी बरा होऊन घरी येतो, तेव्हा त्यामागे एक घोडा असतो आणि त्या घोड्याला रोज पाणी, दाणा आणि खरारा करणारा एक माणूसही. खेड-चाकणच्या घाटांमध्ये बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. २०१४च्या बंदीनंतर २०२१च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, तशी घोड्यांनाही मागणी आली. लग्नाच्या वरातीतल्या घोड्या आहेत. पुण्यात रेसकोर्स आहे, तिथं आजही ‘सईस’ हाच शब्द चालतो. जिंकलेल्या घोड्याचं नाव, मालकाचं नाव, जॉकीचं नाव वर्तमानपत्रात येतं. सईसाचं येत नाही.

आपल्या श्रद्धेतही असंच झालं आहे. कुरआनातली शंभरावी सूरह, अल-आदियात, धावणाऱ्या घोड्यांच्या नावानं आहे. मोहरममध्ये गावोगाव नालसाहेब उठतात आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्यांच्यापुढे झुकतात. घराच्या उंबऱ्यावर काळ्या घोड्याची नाल ठोकणारेही सगळ्या धर्मांत सापडतात. नालेला मान आहे. नालबंदाला आपण बारा वाटा दाखवल्या.

यात मुसलमानांनी केवळ गतवैभवाचे उसासे टाकावेत असं मला वाटत नाही. आमचे पूर्वज घोडेस्वार होते, असं सांगायला सगळ्यांना आवडतं. आमचे पूर्वज घोड्याची लीद काढत होते, असं सांगायला कुणी तयार नसतं. पण पंचवीस स्वारांच्या मागे एक नालबंद नसेल तर पंचविसांची दौड पहिल्याच घाटात थांबते. इतिहासात आपला वाटा शोधायचा तर तो अशा ठिकाणी शोधावा. तिथं तो खरा सापडतो, आणि तिथं आपल्या शेजारी महार, मांग, धनगर, मराठा सगळे उभे दिसतात.

आणि आज ज्याला घोड्यासाठी माणूस ठेवायचा आहे, त्यानं काय पाहावं? घोडा त्याच्याकडे कसा पाहतो ते पाहावं. खूर उचलताना त्याचा हात कुठून जातो ते पाहावं. तो किती घोडे सांभाळायला तयार आहे ते विचारावं, कारण दोनामागे एक हे प्रमाण साडेचारशे वर्षांपूर्वीच्या बादशहालाही मान्य होतं. मग त्याला ठरलेला पगार, आठवड्याची सुट्टी, धनुर्वाताची लस आणि नेमणुकीचा कागद द्यावा. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार ज्या कागदासाठी झगडतो, तोच हा कागद. घोडा दगावला की सईसाचा पगार कापायचा, ही आईनमधली एक गोष्ट मात्र तिथंच राहू द्यावी.