आधी स्वतःला पटलं, मग नाव बदललं



मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली. वही मिटली, चहा आला. तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "मी चर्चला जाते, तर गावाकडचे म्हणतात तू आता आमची राहिली नाहीस. मग मी कोणाची?" कोणाला उत्तर सुचेना. आम्हाला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचीच गोष्ट आज सांगतो.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरजवळच्या जलालपूरला जन्मल्या. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरात सोवळ्याओवळ्याचा फार धाक. शाळा नाही. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. अक्षरओळखही लग्नानंतरची.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाईंवर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत, पण संसार नाही. सवाष्ण म्हणावं तर पंचाईत, विधवा म्हणावं तर तेही नाही. लहानग्या मुलाला घेऊन त्या काही वर्षं नातलगांच्या आधाराने पंढरपूर, नाशिक अशा राहिल्या. "अमक्याची बायको" एवढीच ओळख असली आणि ती गेली की बाईकडे काय उरतं, हे त्या दिवसांत त्यांनी भोगलं.

पुढे त्या नगरकडे टिळकांजवळ राहायला आल्या. पण नवऱ्याने धर्म बदलला म्हणून यांनीही बदलला, असं झालं नाही. पाणी वेगळं, चूल वेगळी, सोवळं चालूच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू बाईंच्याच मनाने घेतलं की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. त्यांनी शिवाशीव सोडली, कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर तब्बल पाच वर्षांनी!

ही पाच वर्षं आम्हाला फार मोलाची वाटतात. बाई नवऱ्यामागून फरफटत गेल्या नाहीत, स्वतःच्या पायांनी चालत पोहोचल्या. म्हणून पुढे डळमळल्या नाहीत.

धर्म बदलला, पण मराठीपण सुटलं नाही. टिळक तर म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी वापरलं. १९१९ साली टिळक वारले, त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईने शाळा पाहिली नव्हती तिने 'स्मृतिचित्रे' लिहिलं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव आजही आधी घेतात. स्वतःच्या फजितीवर त्या त्यात मनमोकळं हसतात. ज्याला आपण कोण हे नीट कळलेलं असतं, त्यालाच असं हसता येतं.

१९३६ साली त्या गेल्या.

पुढच्या बैठकीत हे सगळं आम्ही त्या ताईला सांगितलं. म्हटलं, "तू गावाचीही आहेस आणि चर्चचीही. आधी तू तुझी आहेस." गटात मारुतीला जाणाऱ्या आहेत, विहारात जाणाऱ्या आहेत, रोजे धरणाऱ्याही आहेत. वहीत प्रत्येकीची सही मात्र स्वतःच्या नावाची. ताईने पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं. नेहमीपेक्षा जरा मोठ्या अक्षरात.