काळा मसाला : देशी की परका?

कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात काळा मसाला अस्सल देशी मानला जातो. त्याचे घटक मात्र निराळी साक्ष देतात. धने व तीळ शिवारात पिकतात; खोबरे किनाऱ्याचे, मिरे मलबारचे, लवंग मूळची मोलुक्का बेटांची. मिरची तर मूळ अमेरिकेची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकरवी आलेली. सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त पाककृती आहेत, मिरची नाही. याउलट जॉर्जियाच्या ‘खमेली-सुनेली’ मिश्रणातील, कॉकेशसातच उगवणाऱ्या निळ्या मेथीचे नाव ‘उत्स्खो सुनेली’, म्हणजे ‘परका सुगंध’, असे आहे. तात्पर्य, ‘देशी’ ही संज्ञा उगमाची नव्हे, रुळलेल्या वापराची निदर्शक होय. द्रव्ये व्यापाराने आणली. काळपट होईतो भाजून कांडण्याची रीत घरची. म्हणून आहाराच्या इतिहासात उखळातील पुरावाही बखरीइतक्याच साक्षेपाने तपासला पाहिजे.