झाकलेली पेटी आणि चार तारांचे वाद्य

गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त आम्ही भंडाऱ्याहून नागपूरला गेलो होतो. परतताना शहराच्या वेशीवरील एका घाऊक मालाच्या गोदामवजा दुकानात सहकुटुंब शिरलो. तेलाचा डबा आणि महिन्याचा किराणा एवढेच घ्यायचे होते. परंतु प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मुलांची खेळणी यांच्या मधल्या फळीवर आमच्या नातीला एक खोके दिसले. "आजोबा, युकुलेले!" ती म्हणाली. खोक्यावर गिटारसारख्या, पण हातभरच लांबीच्या चार तारांच्या वाद्याचे चित्र होते. किंमत दोन हजारांच्या आत. आम्ही नेहमीचे उत्तर दिले, "बघू." नातीच्या आजीने मात्र स्पष्टच सांगितले, "चर्चमधली पेटी धूळ खात पडली आहे, ती शिकायची सोडून हे गिटारचे पिल्लू कशाला?"

त्या वाक्याने आम्ही घरी येईपर्यंत गप्प झालो. आमच्या धर्मग्रामातील कॅथलिक कुटुंबे थोडी, आणि त्यांतली बरीचशी नोकरीनिमित्त आलेली: शिक्षक, परिचारिका, कारखान्यातील कामगार. कोणाची मातृभाषा मराठी, कोणाची मल्याळम, तर कोणी छोटा नागपूरकडील. पेटी वाजवणारे गृहस्थ बदली होऊन गेले, आणि गेली तीन वर्षे ती पेटी कापडाखाली झाकलेली आहे. रविवारी गायन होते, पण एकाचा सूर वर तर दुसऱ्याचा खाली. म्हणून प्रश्न केवळ दोन हजार रुपयांचा नव्हता. स्वस्त वाद्य घ्यावे काय, आणि परके वाद्य घ्यावे काय, असे दोन प्रश्न होते. आम्ही 'बघू' म्हटले होतेच; तेव्हा इतिहासात काय दिसते ते पाहावे असे ठरवले.

प्रथम परकेपणाचा विचार करू. युकुलेले हवाई बेटांचे वाद्य म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचे मूळ पोर्तुगालच्या ताब्यातील मदैरा बेटावर आहे. तेथे 'मशेत' किंवा 'ब्रागीन्या' नावाची चार तारांची छोटी गिटार वाजवीत. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेवन्सक्रॅग' हे जहाज मदैराहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला पोहोचले. त्यात मॅन्युएल नूनिश, जुझे दु इस्पिरितु सांतु आणि आउगुश्तु दियश हे तीन सुतार होते. मळ्यावरची मुदत संपल्यावर त्यांनी लाकडी सामानाबरोबर ही वाद्येही बनवण्यास आरंभ केला. राजा कालाकाउआ याने त्या वाद्याला दरबारात मान दिला, आणि परक्या मजुरांचे वाद्य एका पिढीत त्या बेटांचे स्वतःचे होऊन बसले. वसई १५३४ ते १७३९ ज्यांच्या ताब्यात होती, त्या पोर्तुगीजांच्याच मुलखातून हे वाद्य निघाले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आणि ज्या पेटीला आपण 'आपली' म्हणतो, ती तरी कोठली? हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. अलेक्सांद्र दबँ या कारागिराने १८४०च्या सुमारास तिला रूप दिले. मिशनरी आणि साहेबलोक यांच्याबरोबर ती पायाने भाता मारण्याच्या रूपात हिंदुस्थानात आली. जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवावा आणि दुसऱ्याने वाजवावे, असे तिचे देशी रूप कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केले. तरीही ती हिंदी संगीताला घातक आहे, तिच्यातून मींड निघत नाही, या कारणाने आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आज झाडीपट्टीच्या रंगभूमीपासून भजनी मंडळापर्यंत पेटीवाचून पान हलत नाही.

ख्रिस्तसभेतही असेच घडले. परमगुरू पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात चर्चमध्ये पियानोला मनाई होती. ढोल, झांजा अशा गोंगाट करणाऱ्या वाद्यांनाही होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र कार्याला शोभतील आणि भाविकांना उपकारक होतील अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरावीत असे म्हटले. मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य स्थान द्यावे असेही सांगितले. ढोलकी आणि टाळ यांना आज मराठी मिस्सामध्ये जागा आहे ती या वाटेने. परिषदेने वाद्याचे गाव विचारले नाही. ते कशासाठी वाजते हे विचारले.

आता स्वस्ताईकडे वळू. स्वस्त म्हणून वाद्य हलके ठरत असते, तर विदर्भाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) लाभलेच नसते. खंजिरी म्हणजे लाकडी कडे आणि त्यावर ताणलेले कातडे. एवढ्याच्या बळावर त्यांनी गावोगाव जागे केले. आमच्या भंडाऱ्याच्या खेड्यांत भजन शिकायला कोणी वर्गणी भरत नाही. मूल आजोबांच्या मांडीशी बसते, आधी टाळ्या वाजवते, मग टाळ धरते, आणि एके दिवशी खंजिरी त्याच्या हातात येते. वाद्य स्वस्त असते, पण त्याच्याभोवती माणसे असतात.

आपल्या समाजाचाही अनुभव हाच. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले, तेव्हा हातातली घंटा वाजवत रस्त्याने फिरून ते मुलांना गोळा करीत आणि धर्मशिक्षण गाऊन शिकवीत. घंटेइतके साधे वाद्य कोणते? पुढे गोव्याच्या चर्चशाळांत 'मेस्त' म्हणजे संगीतशिक्षक मुलांना आधी सोल्फा, म्हणजे स्वरांची नावे, गळ्याने पाठ करायला लावीत. व्हायोलिन त्यानंतर हातात येई. आधी कान, मग गळा, शेवटी वाद्य, हा तो क्रम. माजोर्डा येथील चर्चच्या अशाच एका मेस्तांचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामवंत व्हायोलिनवादक आणि संगीतसंयोजक झाले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य; १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील प्रसिद्ध गीतात त्यांचेच नाव गुंफले आहे. त्या परंपरेचे भांडवल शिकवणारा माणूस हे होते.

युकुलेलेचा पुढचा इतिहासही हेच सांगतो. १९४९ साली अमेरिकेत मारिओ माक्काफेर्री या इटालियन वंशाच्या गिटारकारागिराने प्लास्टिकचे युकुलेले काढले. किंमत सहा डॉलरांच्या आत. ते लाखोंनी खपले. माक्काफेर्री उत्तम जाणकार असल्यामुळे स्वर नेमका लागेल याची त्यांनी काळजी घेतली होती. तरीही लाट ओसरल्यावर कितीतरी वाद्ये माळ्यावर गेली. याउलट कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात १९६७पासून चाल्मर्स डोन या संगीतशिक्षकांनी शाळांतून युकुलेले शिकवण्याची पद्धत बसवली. मुलांनी गात गात वाजवावे, स्वर वाचावेत, एकमेकांचे ऐकावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या शिक्षणातून मुलांच्या पिढ्या तयार झाल्या. दोन्हीकडे वाद्य स्वस्तच होते. फरक शिकवणाऱ्याचा होता.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही नातीला घेऊन पुन्हा त्या दुकानात गेलो. खोके उघडून दाखवण्याची विनंती केली, आणि जाणकारांकडून समजून घेतलेल्या चार गोष्टी तपासल्या. तारा पट्टीपासून फार उंच नाहीत ना, कारण तशा असल्या तर मुलांची बोटे दुखतात आणि दाबताच स्वर चढतो. पट्टीवरील धातूच्या पडद्यांची टोके हाताला बोचत नाहीत ना. खुंट्या दातेरी चक्राच्या आहेत की नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या. नवशिक्याला पहिल्या बऱ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोकळी तार आणि तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून, या दोहोंत नेमके एका सप्तकाचे अंतर येते की नाही. पहिले खोके या शेवटच्या परीक्षेत नापास झाले, दुसरे उत्तीर्ण झाले. स्वस्त मालात डावेउजवे असतेच. म्हणून खोक्यावरचे चित्र पाहून नव्हे, तर कान लावून घ्यावे.

त्याच्या मर्यादाही नातीला सांगितल्या. छेडलेला स्वर लगेच विरतो. मींड जवळजवळ नाही. संथ लयीच्या, रागावर बांधलेल्या भजनाला पेटीचाच आधार हवा. युकुलेले स्वरसमूहांचे वाद्य आहे. सोप्या चालीच्या गीताला ठेका आणि स्वरांची बैठक देणे हे त्याचे काम. म्हणून विकत घेताना एक अट घातली: आठवड्यातून दोन दिवस गळ्याने सरगम, आणि ते आजीपाशी. आजी माहेरी असताना चर्चच्या गायकवृंदात गात असत.

वाद्य घरी आले, पण नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात. संध्याकाळी जुळवाव्यात आणि सकाळी उतरलेल्या असाव्यात. नात मोबाइलवर पाहून जुळवीत असे. एका रविवारी मिस्सानंतर आजी म्हणाली, "यंत्राकडे बघू नकोस, कानाने जुळव. चल." तिने पेटीवरचे कापड काढले, भाता हलवला आणि पांढरी एकचा षड्ज धरला. युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा त्या षड्जाने मोजल्या तर पंचम, षड्ज, गांधार, धैवत अशा येतात. नात एकेक खुंटी पिळीत होती, आजी एकेक पट्टी दाबीत होती. पेटीच्या दोन पट्ट्या अडकलेल्या निघाल्या आणि भात्यातून वारा सुटत होता. घरी निघालेली तीनचार मुले परत फिरून भोवती उभी राहिली.

त्यांतल्या एकाने विचारले, "आजी, आम्हांला पण शिकवाल?" पेटी दुरुस्तीला नागपूरला पाठवायची ठरली आहे. तिचा खर्च युकुलेलेच्या किमतीहून अधिक येईल असे दिसते, आणि त्यासाठी धर्मग्रामात वर्गणी सुरू झाली आहे.